स्वप्न कोणाच्या चित्रांत पडते?

ॲनिमेशनपट म्हणजे मुलांचे काम, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मुले पडद्यासमोर बसतात आणि मोठी माणसे चहाचा कप घेऊन शेजारच्या खोलीत जातात. ही समजूत मीही बरीच वर्षे बाळगून होतो. ती मोडली हजीऱ्यात, वसाहतीच्या गच्चीवर ताणून बांधलेल्या एका पांढऱ्या चादरीवर पाहिलेल्या पंधरा मिनिटांच्या चित्रपटाने. आणि ती मोडणारी व्यक्ती कोणी समीक्षक नव्हती, अक्षरओळख नसलेली माझी आई होती. तो प्रसंग यथावकाश येईलच. त्याआधी लेखाचा विषय नीट मांडला पाहिजे.

अतिवास्तववाद हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. आंद्रे ब्रेतों याने १९२४ साली पॅरिसमध्ये आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि स्वप्न, नेणीव, असंबद्धता यांना कलेत मानाचे स्थान मागितले. आपल्याकडे मर्ढेकरांच्या काही कवितांपासून कोलटकर, चित्रे, विलास सारंग यांच्यापर्यंत त्याच्या खुणा समीक्षकांनी दाखवलेल्या आहेत. चित्रपटाच्या बाबतीत मात्र एक साधी गोष्ट आपण विसरतो. माणसांना घेऊन काढलेल्या चित्रपटात स्वप्न दाखवायचे तर धूर सोडावा लागतो, पडदे लावावे लागतात. ॲनिमेशनमध्ये सारेच हाताने काढलेले असते. तेथे भिंत जितक्या सहजपणे काढता येते तितक्याच सहजपणे भिंतीतून उडत जाणारे मांजरही काढता येते. म्हणून स्वप्न हा या माध्यमाचा स्वाभाविक प्रांत आहे.

पण यातूनच एक अडचण उभी राहते. सारेच हाताने काढायचे, तर कोणाचा चेहरा काढायचा आणि कोणाचा टाळायचा, हेही काढणाऱ्याच्याच हातात. छायाचित्रात मागून जाणारा हमाल अनवधानाने येऊन जातो. चित्रात अनवधानाने कोणीही येत नाही. जो आला तो कोणीतरी ठरवून आणलेला असतो. जो आला नाही तो कोणाला सुचलाच नाही. आपल्या समाजातील निरनिराळी माणसे या स्वप्नांच्या चित्रपटांत कशी येतात, आणि येतात तेव्हा स्वप्न पाहणारी म्हणून येतात की दुसऱ्याच्या स्वप्नातील शोभा म्हणून, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना तो परका वाटू नये.

प्रथम बाहेरचे एक उदाहरण घेतो. डिस्नेचा 'डम्बो' १९४१ सालचा. त्यात हत्तीचे पिल्लू चुकून दारू पिते आणि त्याला गुलाबी हत्ती दिसू लागतात. हत्तीतून हत्ती निघतात, आकार वितळतात, डोळ्यांच्या जागी पोकळ्या येतात. व्यावसायिक चित्रपटात अतिवास्तव कल्पना इतक्या मोकळेपणाने क्वचितच आली असेल. पण त्याच चित्रपटात सर्कशीचा तंबू उभारणारे कृष्णवर्णीय मजूर आहेत, आणि त्यांना चेहरेच काढलेले नाहीत. पुढे कावळ्यांची एक टोळी येते. तिच्या म्होरक्याला निर्मितीच्या कागदपत्रांत जे नाव होते तेच अमेरिकेतील वर्णभेदी कायद्यांना रूढ झालेले नाव, आणि त्याला आवाज दिला होता एका गोऱ्या नटाने. ज्या चित्रकारांची कल्पना हत्तीच्या शेपटीपासून अख्खे विश्व उभे करू शकत होती, तिला तंबू ठोकणाऱ्या माणसाचे नाक-डोळे मात्र सुचले नाहीत. कल्पनाशक्ती मोठी असली म्हणजे दृष्टीही रुंद असते, या आपल्या समजुतीला येथे चांगलाच धक्का बसतो.

या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे ओळखीचा माणूसच न दाखवणे. रने लालू यांचा 'ला प्लानेत सोवाज' हा १९७३ सालचा चित्रपट, त्याच वर्षी कान महोत्सवात विशेष पारितोषिक मिळवलेला. त्यात निळे, राक्षसी देहाचे 'द्राग' आहेत आणि त्यांनी पाळीव किड्यांसारखी वागवलेली माणसे, म्हणजे 'ओम', आहेत. तो पाहून वर्णभेद आठवावा, वसाहतवाद आठवावा किंवा आपली अस्पृश्यता आठवावी. ज्याला जी जखम असेल ती त्याने त्यात पाहावी. रूपकाचे सामर्थ्य ते हेच. पण रूपकात एक उणीव राहते. त्यात सर्वांचे दुःख सामावते, मात्र कोणा एकाची भाकरी, भाषा, अंगण त्यात येत नाही.

आता आपल्याकडे वळू. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट आठवत असेल. विजया मुळे या कर्तबगार मराठी बाईंनी तो १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केला आणि त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांचे होते. दूरदर्शनने तो इतक्यांदा दाखवला की एका पिढीला तो तोंडपाठ झाला. जाळ्यात सापडलेले पक्षी एकत्र उडतात आणि जाळे घेऊन जातात, ही पंचतंत्रातील गोष्ट त्यात आहे आणि तिच्या आधाराने देशातील विविधता मुलांना समजावून दिली आहे. मी त्याला कमी लेखत नाही. भाषावार प्रांतरचनेच्या भांडणांच्या आठवणी ताज्या असलेल्या त्या काळात ते सांगणे गरजेचे होते, आणि ते फार गोड रीतीने सांगितले गेले. तो स्वप्नपटही नव्हे, तेव्हा स्वप्नपटाचे माप त्याला लावणे अन्यायाचे होईल. परंतु विविधता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते त्या पिढीच्या बोधपटांनी घडवले: प्रत्येक प्रांताचा एक माणूस, त्याचा एक पोशाख, त्याची एक पगडी, आणि सर्वांचे हात हातांत. या चित्रात प्रत्येकाला जागा मिळते, पण ती ओळीतली जागा असते. पगडीवाला रात्री झोपल्यावर काय पाहतो, हे त्या चित्राला विचारता येत नाही.

तो प्रश्न विचारणारा चित्रपट मला पुष्कळ वर्षांनी भेटला. मात्र त्याच्याआधी आपल्याच दादासाहेब फाळक्यांचे स्मरण केले पाहिजे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक छोटा चित्रपट केला. आगपेटीतील काड्या एकेक जराशी हलवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची; पडद्यावर काड्या आपोआप चालू लागतात. भारतीय ॲनिमेशनच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना होते. आज तो पाहायला मिळत नाही. पण घरात चूल पेटवण्यासाठी असणारी, पैशा-दोन पैशांची वस्तू कॅमेऱ्यासमोर ठेवली की तिच्यात जीव येतो, हे त्या मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी मुंबईच्या एका बाईंनी पुन्हा आगपेटीच उचलली. गीतांजली राव या जे. जे. उपयोजित कला संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या. 'प्रिंटेड रेनबो' हा त्यांचा पंधरा मिनिटांचा चित्रपट २००६ साली पुरा झाला. त्याची चित्रे त्यांनी एकटीने, कित्येक महिने बसून, हाताने रंगवली. त्याच वर्षी कानच्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पारितोषिके मिळाली. कथा सांगायची तर दोन ओळींत संपते. शहरातील एका घरात एक म्हातारी आणि तिचे मांजर राहतात. तिचे जग करड्या रंगाचे आहे. तिच्याजवळ आगपेट्यांचा संग्रह आहे, आणि त्या पेट्यांवरच्या छापील चित्रांत ती आणि मांजर शिरतात. आत गेले की रंग सुरू होतात. चित्रपटात संवाद नाहीत.

आगपेटीवरची चित्रे आठवून पाहा. घोडे, वाघ, नाव, कमळ, मोर, देव. आपल्या देशात ज्याच्या घरी एकही तसबीर नव्हती त्याच्याही घरी हे चित्र होते. त्याची भाषा कोणतीही असो, जात कोणतीही असो, चूल पेटवायला ते हातात येतच असे. बाईंनी स्वप्नासाठी चित्रशाळेतील चित्र निवडले नाही, स्वयंपाकघरातील निवडले. म्हातारीचे स्वप्न तिच्याच हाताने रोज उघडलेल्या पेटीतून निघते आणि म्हणून ते तिचे वाटते. दुसरी गोष्ट अशी, की या म्हातारीवर कशाचेही प्रतिनिधित्व लादलेले नाही. ती कोणत्या प्रांताची, कोणत्या धर्माची, हे चित्रपट ठळकपणे सांगत बसत नाही. ती म्हातारी आहे, एकटी आहे आणि तिला हिंडायचे आहे. आपल्या चित्रपटांत म्हातारी म्हणजे मुलाची आई किंवा नातवाची आजी. तिचे स्वतःचे हिंडणे कोणी दाखवले? एवढे एक दाखवूनच हा चित्रपट, माझ्या मते, पगड्यांच्या साऱ्या रांगेपेक्षा पुढे जातो.

येथे हजीऱ्याचा प्रसंग सांगतो. सुरतेच्या पश्चिमेस, तापी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तर काठावर हा टापू आहे. शेजारच्या सुवालीच्या किनाऱ्याजवळ १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली. शाळेच्या इतिहासात ती येऊन गेलेली असेल. आज येथे पोलाद, खत, रसायने आणि वायू यांचे कारखाने आहेत, बंदर आहे, आणि २०२० पासून घोघ्याला जाणारी बोट आहे. रात्री चिमणीच्या टोकाला ज्योत जळत असते, तिच्यामुळे आमच्याकडे अंधार कधी पुरता होत नाही. मूळचे कोळी आणि हळपती, मग सौराष्ट्रातून आलेले, उत्तर प्रदेशातून आलेले, ओडिशातून आलेले आणि तापीच्या वरच्या अंगाने, खानदेशातून आलेले आमच्यासारखे लोक येथे राहतात. वडील गेल्यावर मी आईला गावाहून येथे आणले. तिला अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. माझ्या मुलांना ती नीट कळत नव्हती, शेजारणींना मुळीच नाही. दिवसभर ती खिडकीशी बसे.

वसाहतीतील काही उत्साही मंडळींनी गणपतीत एका रात्री लहान चित्रपट दाखवायचे ठरवले. संवाद नसलेला असावा, म्हणजे सर्वांना कळेल, अशा साध्या व्यवहारी कारणाने मी 'प्रिंटेड रेनबो' सुचवला. मुले थोडी कंटाळली. गुजराती शेजारणींना मांजर आवडले. आई पहिली काही मिनिटे पदर सावरत बसली होती. मग ती पुढे सरकली. म्हातारी आपल्या खिडकीतून बाहेर पाहते तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, "हाई तं मन्हीच गत शे." ही तर माझीच स्थिती. गच्चीवरच्या बऱ्याच जणांनी वळून पाहिले. त्यांना शब्द कळले नसतील, पण ती काय म्हणाली ते कळले असावे, कारण ओडिया शेजारीण उठून तिच्याजवळ येऊन बसली.

मी तेव्हापर्यंत प्रतिनिधित्व म्हणजे आपली भाषा, आपला पोशाख, आपले नाव पडद्यावर दिसणे असे समजत होतो. आईला त्या चित्रपटात अहिराणीचा एक शब्द ऐकू आला नाही, नऊवारी दिसली नाही, तरी ती तिला आपलीच वाटली. म्हणजे भाषेची, पोशाखाची गरजच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्या रात्री मीही तो काढला होता. पुढे तो मला बदलावा लागला. त्याचे कारण शेवटी सांगतो.

गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' हा पूर्ण लांबीचा चित्रपट २०१९ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाच्या उद्‌घाटनाला दाखवला गेला आणि २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला. सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष खपून त्याची चित्रे रंगवली. येथे बाईंनी स्वतःवर फार मोठी जबाबदारी घेतली आहे. कमला मध्य प्रदेशातून, बालविवाहाच्या तावडीतून सुटून मुंबईत आलेली. दिवसा फुले विकते, रात्री बारमध्ये नाचते. सलीम काश्मीरमधील हिंसेत आईवडील गमावलेला. शर्ली डिसोझा ही एके काळी चित्रपटांत काम केलेली, आता एकटी राहणारी ख्रिस्ती बाई. ती कमलेच्या धाकट्या बहिणीला, ताराला, इंग्रजी शिकवते. शिवाय ऐकू न येणारा एक मुलगा आहे, घड्याळे दुरुस्त करणारे आजोबा आहेत. मुंबईच्या पदपथावरची इतकी माणसे, चेहऱ्यासकट, नावासकट, आपल्याकडच्या एका ॲनिमेशनपटात एकत्र यावीत ही लहान गोष्ट नव्हे. 'डम्बो'तील बिनचेहऱ्याचे मजूर आठवले म्हणजे तिचे मोल अधिकच कळते.

तथापि या चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. कमला दिवास्वप्न पाहू लागली की चित्रांची शैली बदलते आणि पडद्यावर मोगल-राजपूत लघुचित्रे उलगडू लागतात: महाल, राजकन्या, घोडेस्वार. चित्रे अत्यंत सुंदर आहेत. पण ती दरबारी चित्रे आहेत. खेड्यातून आलेल्या, फुले विकणाऱ्या मुलीने ती कोठे पाहिली असतील? तिच्या गावाच्या भिंतींवर गेरूची, चुन्याची काही चित्रे असतीलच. सणासुदीला तिने स्वतः अंगणात काही रेघा ओढल्या असतील. ती चित्रे तिच्या स्वप्नात का येत नाहीत? म्हातारीच्या स्वप्नाचा उगम तिच्या हातातील आगपेटीत होता. कमलेच्या स्वप्नाचा उगम दिग्दर्शिकेच्या अभ्यासात आहे, असे मला वाटत राहिले.

या आक्षेपाला एक उत्तर आहे आणि ते मांडणे प्रामाणिकपणाचे होईल. गरिबाने आपल्याच भिंतीवरची स्वप्ने पाहावीत हा आग्रह कोणाचा? खेड्यातली मुलगीही सिनेमे पाहते, दिनदर्शिकेवरच्या राण्या पाहते. तिला राजकन्या व्हावेसे वाटले तर तिने आमची परवानगी का काढावी? चित्रपटाची सुरुवातच चित्रपटगृहात होते. सिनेमाने गरिबांना कोणती स्वप्ने विकली, हा त्याचा विषयच आहे. हे उत्तर मला बरेचसे पटते. तरीही, दिनदर्शिकेवरची राणी आणि लघुचित्रातील राणी यांत अंतर आहे. पहिली भडक असते, स्वस्त असते, किराणा दुकानदार ती दिवाळीला फुकट देतो. दिग्दर्शिकेने तो भडकपणा पत्करला असता तर कमला अधिक खरी झाली असती. सुंदर करण्याच्या भरात तिचे स्वप्न जरासे तिच्याकडून काढून घेतले गेले.

दुसरे असे, की कमला आणि सलीम यांच्या पाठीवर फार ओझे आहे. बालविवाह, काश्मीर, डान्स बार, पोलीस, धर्म. प्रत्येक पात्राने एकेका प्रश्नाची पाटी गळ्यात बांधावी तसे होते, आणि आपण नकळत त्या जुन्या रांगेकडे परततो. फक्त पगडीच्या जागी आता दुःख आले. याच्या उलट शर्ली डिसोझा पाहा. ती रस्त्याने चालत निघते आणि चालता चालता भोवतालची मुंबई कृष्णधवल होते, पन्नाशीच्या काळातली होते. माणसे तीच, रस्ता तोच, काळ मात्र तिचा. तिच्या गळ्यात ख्रिस्ती समाजाची पाटी नाही. ती आपल्या नवऱ्याच्या, आपल्या तरुणपणाच्या आठवणीत चालली आहे. चित्रपटातील हा भाग मला सर्वांत सरस वाटला. 'प्रिंटेड रेनबो'तील म्हातारी येथे नाव आणि धर्म घेऊन परत आली आहे, आणि नाव-धर्म घेतल्याने तिचे स्वप्न उणावलेले नाही.

मग प्रश्न असा, की ज्याचे स्वप्न त्याच्याच हाताने काढले तर? याचे उत्तर नीना सबनानी यांच्या कामात सापडते. त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत घडल्या आणि पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवीत होत्या. 'टांको बोले छे' हा त्यांचा २००९ सालचा बारा मिनिटांचा चित्रपट कच्छमधील कारागीर स्त्रियांबरोबर केलेला आहे. या स्त्रियांची कुटुंबे १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधून सीमा ओलांडून आलेली. घर सोडणे, छावणीत राहणे, भरतकामावर संसार उभारणे, पुढे २००१ चा भूकंप, हे सारे त्या स्वतःच्या आवाजात सांगतात. आणि पडद्यावर जे हलते ते त्यांनीच कापडावर कापड शिवून केलेले काम. उंट टाक्यांचा, माणसे टाक्यांची, सीमाही टाक्यांची. त्यांना ब्रेतोंचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण कापडाचे घर हलू लागते आणि कापडाची माणसे त्यातून निघून वाळवंट ओलांडतात, तेव्हा जे दिसते ते स्वप्नापेक्षा कमी नाही, आणि खरे तर आहेच.

त्यांचाच २०१६ चा 'हम चित्र बनाते हैं' हा भिल्लांविषयीचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पाऊस पडत नव्हता, तेव्हा बडव्याच्या सांगण्यावरून भिल्लांनी भिंतीवर चित्रे काढली आणि पाऊस आला, अशी त्यांच्यातील कथा शेर सिंह भिल्ल यांच्या चित्रांतून त्यात सांगितली आहे. नंदुरबार, धडगाव, नवापूरच्या वाचकांना या चित्रांची ओळख करून देण्याची गरज नाही. त्यांच्या शेजारच्या पाड्यात ती असतील. ठिपक्यांनी भरलेले घोडे, झाडे, पाखरे. ज्याला आपण समीक्षक अतिवास्तव म्हणतो ते त्यांच्याकडे पावसाचे काम करते. या चित्रपटांनाही मर्यादा आहेत. ते लहान आहेत, महोत्सवांबाहेर फारसे दिसत नाहीत, आणि दिग्दर्शक अखेर शहरातीलच असतो. पण चित्राच्या रेषेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्यांनी नुसता विचारला नाही, हाताने सोडवून दाखवला.

आता आपल्या घराकडे येतो. आपण सीमेवरचे लोक प्रतिनिधित्वाबद्दल फार हळवे असतो. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचे अर्धे फलाट महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, एका बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात आणि घोषणा चार भाषांत होतात, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण त्या चार भाषांत अहिराणी नाही, मावची नाही, कोकणी-भिल्ली नाही, याची आपण कधी खंत केली? आमच्या वसाहतीतील मराठी मंडळाच्या कार्यक्रमात किनाऱ्यावरच्या कोळ्यांना किंवा हळपतींना कधी बोलावले गेले नाही. मी त्या मंडळात वीस वर्षे आहे, तेव्हा हा दोष माझाही आहे. आपल्यावर जी वेळ गुजरातेत येते असे आपण म्हणतो, ती आपण आपल्या आयांवर घरातच आणतो. मोबाइलवर हल्ली अहिराणी ऐकू येते, पण ती बहुधा हसवण्यासाठी किंवा लग्नात नाचण्यासाठी. तिच्यात कोणी स्वप्न पाहिल्याचे मी ऐकलेले नाही. मुले जपानी मांजराचे ॲनिमेशन हिंदीत पाहतात. त्यात वाईट काही नाही. ते मांजर गुणी आहे. मात्र त्यांच्या स्वप्नातील अंगण कोणते, हे त्यांना विचारले पाहिजे.

वर एक निष्कर्ष बदलावा लागला असे म्हटले, त्याचे कारण असे. त्या रात्रीनंतर आठवड्याभराने आईने तो चित्रपट पुन्हा लावायला सांगितला. पाहून झाल्यावर मी तिला सहज विचारले, तू पेटीत शिरलीस तर कोठे जाशील? ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले, आखाजीच्या झोक्यावर. माहेरच्या निंबाच्या झाडाला बांधलेला झोका, त्यावर गाणी म्हणणाऱ्या मुली, आणि श्रावणात कानबाईच्या पुढे मांडलेले रोट. तापीचे पाणी इकडेच येते ना, तर त्याच पाण्याने उलटे वर जाता येईल, असेही ती म्हणाली. तिने हे सारे अहिराणीत सांगितले आणि माझ्या मुलांसाठी मला ते मराठीत करून सांगावे लागले. सांगताना झोका राहिला, गाणी गेली. तेव्हा मला कळले की त्या रात्री म्हातारीत आईने स्वतःला पाहिले ते एकटेपणापुरते. एकटेपणाला भाषा लागत नाही. त्या खिडकीतून बाहेर पडून जायचे ठरवले की लगेच भाषा लागते, झाड लागते, कानबाईचा नारळाचा मुखवटा लागतो. 'प्रिंटेड रेनबो' मोठा चित्रपट आहे, पण तो आईला खिडकीपर्यंत सोबत करू शकला. पुढची वाट काढणे त्याचे काम नव्हते. ते आमच्यापैकी कोणाचे तरी होते.

आई दोन वर्षांनी गेली. तिने सांगितलेला तो झोका माझ्या धाकट्या मुलीने शाळेच्या वहीत काढला आहे. झाड तिने गुलमोहराचे काढले, कारण हजीऱ्यात तिने तेच जास्त पाहिले. नदी मात्र उलटी, समुद्राकडून डोंगराकडे वाहणारी आहे. वहीच्या कोपऱ्यात तिने प्रत्येक पानावर झोका थोडा थोडा पुढे काढला आहे. पाने भराभर उलटली की तो हलतो.